ज्येष्ठ कवी-गायकाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण : नागपुरातील आयोजकांसाठी मार्गदर्शन

स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि स्वतःच्या गळ्यातून लोकांपर्यंत नेलेले गाणे विदर्भाला नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर आपलीच भजने गात गावोगाव फिरले, सुरेश भट आपल्या गझला तरन्नुममध्ये (चालीवर) म्हणत, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून भीमगीते रचणारी आणि गाणारी माणसे पुढे आली. या परंपरेतले वयाने ज्येष्ठ असे काही गायक आजही मंचावर बसतात. त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करायचे ठरते तेव्हा मात्र हे काम बहुधा ‘साउंडवाल्याला सांगितले आहे’ एवढ्या एका वाक्यावर सोपवून आयोजक मोकळे होतात. शाल-श्रीफळ, निमंत्रणपत्रिका आणि अल्पोपाहार यांना जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या चौथाई वेळ ध्वनिमुद्रणाला दिला तरी चांगले काम हाती लागते.

कोणतेही यंत्र ठरवण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कवी-गायकाच्या मैफलीत सर्वांत आधी शब्द वाचवायचे असतात. चाल इतर गायक उचलतात, ठेका कोणीही धरतो; परंतु कवीने स्वतः कोणत्या शब्दावर जोर दिला, छापील पुस्तकातल्या कडव्यात मंचावर काय बदलले आणि दोन गाण्यांच्या मध्ये त्या रचनेविषयी काय सांगितले, हे त्या संध्याकाळी टिपले गेले नाही तर पुन्हा मिळत नाही. माइक कुठे ठेवायचा, कोणता आवाज किती ठेवायचा, संपादनात काय कापायचे, हे सर्व निर्णय या एका कसोटीवर घ्यावेत.

परवानगी आणि हक्क

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून शेवटी ढकलला जातो, आणि मग कार्यक्रम संपल्यावर गडबडीत कागदावर सही घेतली जाते. तसे करू नये. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार गीताचे शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा स्वतंत्र हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो. आणि गायक-वादकांना सादरकर्ते म्हणून ५० वर्षांचा वेगळा हक्क असतो. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी संस्था त्या ध्वनिमुद्रणाची निर्माती ठरते. तेवढ्याने ती शब्दांची किंवा चालीची मालक होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडे (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) सोपवता येतो.

करारपत्र मराठीत, एका पानाचे आणि स्पष्ट असावे. हक्क किती काळासाठी दिला ती मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो, म्हणून दोन्ही गोष्टी नमूद कराव्यात. इंटरनेटवर टाकणार का, त्यातून उत्पन्न झाले तर ते कसे वाटले जाईल, आणि गायकाला एखादे गाणे आवडले नाही तर ते वगळण्याचा अधिकार त्याला असेल का, हेही लिहावे. हा शेवटचा अधिकार त्याला द्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. ढोलकीवाला, तबलजी, कोरसमधली मुले-मुली यांच्याही सह्या घ्याव्यात. कार्यक्रमात दुसऱ्या कवीचे गीत असेल, तर त्याची परवानगी वेगळी लागते. कागद आठवडाभर आधी गायकाच्या घरी पोहोचवावा, घरच्या मंडळींना वाचू द्यावा आणि सही झाल्यावर एक प्रत त्यांच्याकडेच ठेवावी.

जागा, ऋतू आणि कुलर

नागपुरात जागेची निवड म्हणजे अर्धे ध्वनिमुद्रण. रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचे आहे. तेथे गर्दी भरली तर उत्तम, अन्यथा अर्ध्या रिकाम्या मोठ्या सभागृहात टाळ्याही विरळ ऐकू येतात आणि गायकही अवघडून जातो. शंभर-दीडशे जाणकार श्रोत्यांची बैठक अपेक्षित असेल, तर लहान सभागृहच घ्यावे. पाहणीला जाताना पंखे, वातानुकूलन यंत्र आणि दिवे हे सर्व चालू करायला लावून पाच मिनिटे शांत उभे राहावे. रिकाम्या सभागृहात दुपारी जे ऐकू येत नाही, ते या पाच मिनिटांत ऐकू येते.

एप्रिलमध्ये, विशेषतः आंबेडकर जयंतीच्या सुमारास, कार्यक्रमांची झुंबड असते आणि पाराही चाळिशीकडे सरकलेला असतो. मंडप असो वा सभागृह, कुलरशिवाय भागत नाही. कुलरचा आवाज हा ध्वनिमुद्रणातला अवघड शत्रू आहे, कारण तो एका स्वराचा नसून फुसफुसाटासारखा सगळीकडे पसरलेला असतो. तो संगणकावर पुसायला गेले की त्याच्याबरोबर ‘स’, ‘श’, ‘ह’ यांची धारही पुसली जाते. शिवाय त्याच्या ओलसर हवेने ढोलकी-तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो आणि वादकाला दर दोन गाण्यांनी हातोडी काढावी लागते. तरीही सत्तरीच्या गायकाला उकाड्यात बसवून स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळवणे हा निर्दयपणा होईल. कुलर मंचाच्या बाजूने हलवून प्रेक्षकांच्या मागच्या कडेला न्यावेत, मंचासाठी एकच ठेवून तो दूर आणि संथ गतीवर लावावा, आणि त्याची हवा माइकवर थेट येणार नाही अशी दिशा द्यावी. निवड करता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मग हा प्रश्नच उद्भवत नाही.

कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर घड्याळाकडेही पाहावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना त्यातून सूट आहे. पाहुण्यांची भाषणे लांबली की कात्री नेमकी शेवटच्या गाण्याला लागते, आणि ज्येष्ठ गायक आपली सर्वांत लोकप्रिय रचना शेवटीच ठेवतात. म्हणून सत्कार आणि भाषणे मध्यंतरापूर्वी उरकून घ्यावीत.

गायकाचा माइक

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. पेटी घेऊन बसणारा गायक हा ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अवघड प्रकार आहे, कारण त्याच्या तोंडापासून पेटी हातभर अंतरावर असते आणि त्याचा आवाज वयोमानाने हलका झालेला असतो, पेटीचा मात्र नाही. कार्डिऑइड प्रकारचा डायनॅमिक माइक घ्यावा. मंचावर सर्वत्र दिसणारा शुअर एसएम ५८ याच जातीचा आहे आणि या कामाला पुरेसा आहे. कार्डिऑइड माइकला समोरचे चांगले ऐकू येते आणि पाठीमागचे सर्वांत कमी. म्हणून माइक वरून खाली न रोखता पेटीच्या पलीकडून, खालून वर तोंडाकडे रोखावा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे येते. स्टँडचा पाया भात्याच्या हाताला अडणार नाही अशा बाजूला ठेवावा. पेटीला दुसरा माइक द्यायचा असल्यास तो वीतभर अंतरावर, भात्याच्या उलट बाजूला असावा. नाहीतर सुरांपेक्षा भात्याचे सुस्कारेच जास्त येतात.

माइक आणि ओठ यांत साधारण चार बोटांचे अंतर ठेवावे आणि माइक नाकासमोर सरळ न धरता किंचित तिरपा ठेवावा. मराठीत ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘प’ ही अक्षरे हवेच्या झोतासह येतात, आणि भीमगीतात तर पहिल्याच शब्दाला हा झोत माइकवर आदळून ‘धप्प’ असा आवाज होतो. तिरप्या माइकवरून तो झोत बाजूने निघून जातो. वरून स्पंजचे आवरण घालावे. ते दिसायला चांगले नसले तरी चालेल.

यानंतर वहीकडे वळावे. बहुतेक ज्येष्ठ कवी-गायक जुन्या, कडा फाटलेल्या वहीतून गातात. ही वही पेटीच्या डाव्या अंगाला ठेवली तर प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला मान तिकडे वळते, तोंड माइकपासून दूर जाते आणि ओळीचे पहिले दोन-तीन शब्द पुसट येतात. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि जवळच्या माइकमधून मिळणारा खर्जाचा भरावही त्याच वेळी नाहीसा होतो, त्यामुळे एकाच ओळीत दोन माणसे गात असल्यासारखे वाटते. उपाय साधा आहे. माइकच्या अगदी पलीकडे, त्याच रेषेत, एका लहान स्टँडवर वही ठेवावी, म्हणजे गायक शब्द पाहतो तेव्हा आपोआप माइकमध्येच गातो. अक्षर बारीक असेल तर मोठ्या टायपातल्या पानांचा संच करून द्यावा, आणि पाने सुटी ठेवावीत, कारण पान उलटण्याचा आवाज सुटे पान सरकवण्यापेक्षा मोठा असतो. चष्मा, पाण्याचा पेला आणि रुमाल यांची जागा आधीच ठरवून ठेवावी.

साउंडचेक छोटा ठेवावा. ज्येष्ठ गायकाला तासभर ‘हॅलो, चेक’ म्हणायला लावून त्याचा गळा संध्याकाळपूर्वीच दमवू नये. त्याच्या जागी एखाद्या शिष्याला बसवून माइक लावून घ्यावेत आणि गायकाकडून फक्त एक धृपद आणि एक चढा अंतरा ऐकावा. साउंडचेकमध्ये सगळेच अर्ध्या आवाजात गातात. समोर श्रोते बसले की आवाज ६ ते १० डेसिबलने चढतो. म्हणून पातळी ठरवताना सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास येऊ द्यावा. २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण करत असल्यास एवढी मोकळी जागा सोडल्याने गुणवत्ता कमी होत नाही, पण एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

मिक्सरची तार आणि सभागृहाचा श्वास

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक तार काढून रेकॉर्डरला जोडली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. ही तार हवीच. परंतु केवळ तिच्यावर भिस्त ठेवली तर घरी गेल्यावर निराशा होते. मिक्सरवरचा ऑपरेटर सभागृहासाठी आवाज जुळवत असतो. ढोलकी मंचावरूनच सर्वांना ऐकू जाते, म्हणून तो तिचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ठेवतो. गायकाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, म्हणून तो वर चढवतो. परिणामी मुख्य आउटपुटमध्ये गळा अगदी कानाशी येतो, ढोलकी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी लागते आणि श्रोते तर नसतातच. दाद नसलेली मैफल ऐकवत नाही.

मिक्सर डिजिटल असेल आणि त्यातून यूएसबी केबलने प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर लॅपटॉपमध्ये घेता येत असेल, तर तोच मार्ग धरावा. नसेल, तर ऑपरेटरला विनंती करून ऑक्झिलरी आउटपुट (मिक्सरमधून आवाज बाहेर घेण्याची वेगळी वाट) प्री-फेडर (फेडरच्या आधीच आवाज घेणारे) करून घ्यावे, म्हणजे सभागृहासाठी तो फेडर वर-खाली करत राहिला तरी आपल्या ध्वनिमुद्रणाला त्याचे हिसके बसत नाहीत. मिक्सरमधून येणारी पातळी माइकपेक्षा खूप जोरदार असते; ती रेकॉर्डरच्या माइक इनपुटमध्ये घातली तर पहिल्या सुरापासून आवाज फाटतो. लाइन इनपुटच वापरावे. ऑपरेटरशी हे सगळे चहाच्या वेळी, दुपारीच बोलून घ्यावे. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटे असताना त्याच्या मिक्सरला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही, आणि ते रास्तच आहे.

यासोबत सभागृहाचे दोन माइक हवेत. मंचाच्या पुढच्या कडेपासून चार-पाच मीटरवर, उंच स्टँडवर, दोन कार्डिऑइड कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे) माइक एकमेकांपासून १७ सेंटीमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात बाहेर वळवून लावावेत. ही ओआरटीएफ नावाची फ्रेंच नभोवाणीची मांडणी आहे आणि ती मंचाची रुंदी नैसर्गिक ठेवते. मोठ्या स्पीकरच्या थेट समोर हे माइक येऊ देऊ नयेत. कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) लागतो, तो रेकॉर्डर देतो की नाही हे आदल्या दिवशीच तपासावे. एवढे साहित्य नसेल, तर अंगभूत दोन माइक असलेला हातातला रेकॉर्डर त्याच जागी स्टँडवर लावावा. तोही बरेच साधून जातो.

आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दहा मीटरवरच्या माइकमध्ये शब्द गायकाच्या माइकपेक्षा ३० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही तसेच मिसळले तर शब्द धूसर होतात. सुरुवातीला कोणाला तरी मंचावर गायकाच्या माइकसमोर एक खणखणीत टाळी वाजवायला सांगावी आणि संपादनात त्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवावेत. रेकॉर्डर दोन वेगवेगळे असतील तर दोन तासांत त्यांची घड्याळे एकमेकांपासून सरकतात, म्हणून प्रत्येक गाण्याच्या आरंभी जुळणी पुन्हा पाहावी.

तारेतून ‘घूं’ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येत असेल, तर मिक्सर आणि लॅपटॉप एकाच वीजजोडणीवर घ्यावेत किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. तरीही न थांबल्यास मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांतला विजेचा थेट संबंध तोडणारी लहान डबी) घालावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. मंचावर लोखंडी माइकला ओठ लावून बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा उपाय जीवघेणा ठरू शकतो.

मैफल चालू असताना

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर दोन ट्रॅकचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे १ जीबी जागा घेते, आठ ट्रॅकचे ४ जीबी. रेकॉर्डर पूर्ण चार्ज आणि कार्ड रिकामे असावे. पडदा उघडण्यापूर्वी ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि सभागृह रिकामे होईपर्यंत थांबवू नये, मध्यंतरातही नाही. गायक बरेचदा मध्यंतर संपता संपता, पेटीचे सूर चाचपत, एखाद्या रचनेची मूळ हकिकत सहज सांगून जातो.

ऑपरेटरला एकच गोष्ट निक्षून सांगावी: गाणे संपले म्हणून गायकाचा माइक बंद करायचा नाही. शिट्टीच्या भीतीने माइक मिटवण्याची सवय चांगलीच आहे, पण या मैफलीत निवेदन हाही गाण्याचाच भाग असतो.

भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या कार्यक्रमांत श्रोते गाणे चालू असतानाच मंचाशी येऊन नोट ठेवतात आणि गायक पुढच्या ओळीआधी देणाऱ्याचे नाव घेतो. ही रीत थांबवायला जाऊ नये. तिच्यातच त्या संध्याकाळचा जिव्हाळा असतो. येण्याजाण्याची वाट मात्र माइकच्या तारांपासून वेगळी आखावी, तारा सतरंजीखाली घालून टेपने चिकटवाव्यात आणि पैसे ठेवायला पेटीवर नव्हे तर बाजूला एक ताट ठेवावे, नाहीतर नाण्याचा खणखणाट थेट पेटीच्या माइकमध्ये जातो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने बंद हेडफोन लावून बसावे आणि हातातल्या कागदावर गाण्याची पहिली ओळ आणि सुरुवातीची वेळ नोंदवत जावे. हा कागद नंतर दिवसभराचे काम वाचवतो.

संपादन

घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी, सर्व फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर कराव्यात आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. कार्ड तोवर पुसू नये.

संपादनात हात राखून काम करावे. गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की मंचाची धडधड आणि उरलेसुरले झोत जातात; ‘स’, ‘श’ टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडेसे दाबावे. गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर मोहक वाटतात, परंतु ती जरा जास्त लावली की म्हातारा आवाज पाण्याखालून येत असल्यासारखा होतो. सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरला तर हातच लावू नये. सत्तरीतला कंप, वरच्या पट्टीत जरा अडखळलेला षड्ज, विसरलेली ओळ आणि ती पुरवणारा समोरच्या रांगेतला श्रोता, हे सर्व जसेच्या तसे राहू द्यावे. सभागृहाचा ट्रॅक गाण्यात हलका ठेवावा आणि दादेच्या वेळी थोडा उघडावा. एका गाण्याची टाळी पुढच्या गाण्याच्या सुरावटीत विरघळू द्यावी, मध्ये मृत शांतता येऊ देऊ नये. इंटरनेटवर टाकायची प्रत उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाच्या मापाच्या) आसपास आणि कमाल टोक उणे १ डेसिबलवर ठेवली की बहुतेक ठिकाणी ती नीट ऐकू येते.

देणगीदारांची नावे, सत्कार आणि लांबलेली प्रास्ताविके प्रकाशित प्रतीतून काढायला हरकत नाही. संग्रहाच्या प्रतीतून काहीही काढू नये. कोणत्या वस्तीत, कोणत्या वर्षी, कोणाच्या समोर हे गाणे गायले गेले, हे पुढच्या अभ्यासकाला त्या नावांवरूनच कळेल.

फाइलीचे नाव देवनागरीत, गाण्याच्या पहिल्या ओळीसह, तारीख आणि सभागृह लिहून द्यावे, आणि रचनाकार, चाल, वादक यांची नोंद सोबतच्या मजकुरात करावी. मग गीतांचे शब्द ध्वनिमुद्रणावरून उतरवून काढावेत आणि ती पाने घेऊन गायकाकडे जावे. ध्वनिमुद्रण ऐकत त्याच्या वहीशी ओळ ओळ ताडून पाहावी. जिथे मंचावरचा शब्द वहीतल्या शब्दाहून वेगळा निघेल, तिथे कोणता ठेवायचा हे त्यालाच विचारावे आणि दोन्ही पाठ तारखेसह लिहून घ्यावेत. तो ज्या रचना वगळायला सांगेल त्या वगळून उरलेल्या प्रसिद्ध कराव्यात, आणि असंपादित संपूर्ण ध्वनिमुद्रणाचा एक पेनड्राइव्ह, गाण्यांच्या छापील यादीसह, त्याच भेटीत त्याच्या घरी ठेवून यावा.